हाशिमोटो अवटुशोथ व अ‍ॅक्युपंक्चर

शरीराची प्रतिकारयंत्रणाच थायरॉइड अर्थात अवटू ग्रंथीवर उलटते, तो हा दीर्घकालीन विकार. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्री-रुग्णांच्या अभ्यासातून त्याचे वर्णन केले. त्यावरील अ‍ॅक्युपंक्चर उपचारात गुडघ्याखालील त्सूसान्ली यांसारख्या बिंदूंवर बारीक सुया टोचून साधारणतः २० ते ३० मिनिटे ठेवतात. चीनमधील काही लहान चाचण्यांत थकवा आणि प्रतिपिंडांची पातळी घटल्याचे नोंदले गेले. एवढ्यावरून परिणामकारकता ठरवणे घाईचे होईल. या विकारात निर्माण होणारी थायरॉइड संप्रेरकाची उणीव सुयांनी भरून निघते, याला भक्कम पुरावा नाही. त्यामुळे ही उणीव भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे. गरोदरपणी तर गर्भाच्या मेंदूच्या वाढीलाही अपाय संभवतो. शिवाय ही ग्रंथी मानेत असल्याने तेथील मोठ्या रोहिणीजवळ सुई टोचताना विशेष दक्षता लागते.