मर्क्युरी
प्राचीन रोमन धर्मातील वाणिज्याची देवता. ‘विक्रीचा माल’ या अर्थाच्या ‘मर्क्स’ या लॅटिन शब्दाशी या नावाचा संबंध जोडला जातो. व्यापारीवाचक ‘मर्केटर’ हा शब्दही त्याच मूळचा. ग्रीकांच्या हर्मीसशी त्याचे एकरूपत्व मानले गेल्यावर ज्युपिटरपुत्र, देवदूत, मृतात्म्यांचा मार्गदर्शक ही हर्मीसची अंगे त्याला लाभली. तथापि रोममध्ये त्याच्या उपासनेचा मुख्य आधार बाजारपेठ हाच राहिला.

परंपरेनुसार इ. स. पू. ४९५ मध्ये १५ मे रोजी त्याच्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. हे मंदिर ॲव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर, सर्कस मॅक्सिमसजवळ होते. लिव्हीने दिलेली हकीकत उद्‌बोधक आहे. कर्जबाजारी झालेले सामान्य नागरिक (प्लिबीयन) तेव्हा उमरावांवर संतप्त होते. प्रतिष्ठापनेचा मान कोणी घ्यावा, यावरून दोन कॉन्सलांत वाद झाला आणि सीनेटने निर्णय लोकांवर सोपविला. ज्याला हा मान मिळेल, त्यानेच धान्यपुरवठ्यावर देखरेख करावी व व्यापाऱ्यांचा संघ स्थापन करावा, असेही ठरले. लोकांनी दोन्ही कॉन्सलांना डावलून मार्कस लेटोरियस या सैन्यातील शतकाधिपतीची निवड केली. त्याच्या गौरवापेक्षा कॉन्सलांची मानखंडना हाच यामागील हेतू होता, असे लिव्ही म्हणतो. या तपशिलाची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी धान्य, व्यापार आणि सामान्यांचा असंतोष यांच्याशी या देवतेचे नाते रोमनांच्या स्मरणात पक्के होते, हे त्यावरून दिसते.

मे महिन्यातील त्याच्या उत्सवाचे वर्णन ऑव्हिडने फास्ती या काव्यात केले आहे. व्यापारी कापीना वेशीजवळील मर्क्युरीच्या झऱ्याचे पाणी आणीत व लॉरेलच्या डहाळीने ते मालावर आणि स्वतःच्या केसांवर शिंपडीत. मागील खोट्या शपथांबद्दल ते क्षमा मागत. पुढील खोट्या शपथांची व नफ्याची सोयही त्याच प्रार्थनेत करून घेत! बाल्यावस्थेतच अपोलोची गुरे चोरणाऱ्या या देवाला हे ऐकून हसू येई, असे कवी म्हणतो. ऑव्हिडचा उपरोध गृहीत धरूनही, व्यापाराविषयीची रोमन उच्चभ्रूंची साशंकता येथे स्पष्ट होते.

कलेत तो बहुधा तरुण व नग्न किंवा खांद्यावर वस्त्र घेतलेला असतो. पंख असलेली टोपी व पादत्राणे आणि सर्पवेष्टित दंड ही लक्षणे हर्मीसकडून आली. हातातील पैशांची थैली मात्र त्याची खास रोमन खूण होय. कोंबडा, मेंढा व कासव हे प्राणी त्याच्याजवळ आढळतात. रोमन प्रजासत्ताकाच्या ‘सेक्स्टन्स’ या ब्राँझ नाण्यावर त्याचे मस्तक आहे. पाँपेई येथील व्हेरिकुंडसच्या वस्त्रोद्योगशाळेच्या दर्शनी भिंतीवर थैली घेऊन मंदिरातून बाहेर पडणारा मर्क्युरी चितारलेला असून, त्याखालीच दुकानातील विक्रीचे दृश्य आहे. नव्याने धनवान झालेल्यांचा हा आवडता देव. पेट्रोनियसच्या सॅटिरिकॉनमधील ट्रिमाल्किओ हा मुक्त गुलाम घराच्या भिंतीवर आपल्या उत्कर्षाची जी चित्रे काढवून घेतो, त्यांत त्याला वर उचलणारा देव मर्क्युरीच आहे.

गॉलमध्ये सर्वाधिक पूजा मर्क्युरीची होते आणि सर्व कलांचा जनक म्हणून तो मानला जातो, असे सीझरने नमूद केले आहे. अर्थात हे स्थानिक देवतेस दिलेले रोमन नाव होय. तेथे रोझमर्टा ही देवी त्याची सहचारिणी असे. नॉर्मंडीतील बेर्तूव्हिल येथे १८३० मध्ये सापडलेल्या रौप्यनिधीत त्याच्या चांदीच्या मूर्ती असून तो निधी पॅरिस येथे जतन केलेला आहे. जर्मॅनिक लोकांच्या वोडानशीही त्याचे ऐक्य कल्पिले गेले. म्हणून फ्रेंचमध्ये बुधवारचे नाव मर्क्युरीवरून, तर इंग्रजीत वोडानवरून पडले. भारतीय बुधवारही त्याच ग्रहाचा. पण चंद्रपुत्र बुधाची कथा निराळी आहे.

इंग्लंडमधील यूली येथील त्याच्या मंदिरस्थळी १९७७–७९ च्या उत्खननात शंभराहून अधिक शिशाचे पत्रे मिळाले. त्यांतील अनेकांत चोरीच्या तक्रारी आहेत. आपले ओढकामाचे जनावर परत मिळेपर्यंत चोरांना आरोग्य लाभू नये, असे एका तक्रारदाराने मर्क्युरीला विनविले आहे. चोरांचा पाठीराखा म्हणूनही हाच देव प्रसिद्ध होता.