एस्प्रेसो मशीनच्या बॉयलरमध्ये पाणी आपोआप कसं भरतं?

विदर्भातल्या लग्नात जेवणानंतर 'एक्स्प्रेसो' कॉफीच्या स्टॉलवर गर्दी असते. उभा चकचकीत सिलिंडर, वर प्रेशर मीटर, बाजूला फसफसणारी वाफेची नळी. खरं तर ही एस्प्रेसो नव्हेच. इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध वाफेनं उकळवून ती बनते. पण बॉयलर मात्र खराखुरा असतो. त्यात पाणी हातानं भरावं लागतं आणि तेही मशीन गार असताना. ऐन पंगतीत पाणी संपलं, तर आच बंद करून वाफ सोडायची आणि मगच झाकण उघडायचं.

कॅफेतलं नळजोडणीचं मशीन दिवसभर तापलेलं असतं. तरी त्यात पाणी भरत राहतं. कसं?

आधी अडचण बघू. अशा मशीनच्या बॉयलरमध्ये साधारण १ ते १.५ बार दाब असतो. १.२ बारला आतलं पाणी सुमारे १२३ अंश सेल्सिअस असतं. आता भंडारा, तुमसर किंवा साकोलीत दोन मजली इमारतीतलं एखादं दुकान घ्या. नळ ठरावीक वेळेलाच येत असेल, तर पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली येतं. १० मीटर उंचीमागे जेमतेम १ बार दाब मिळतो, म्हणजे ६-७ मीटर उंचीवरच्या टाकीचं पाणी ०.६-०.७ बारनं येणार. आतला दाब त्याहून जास्त. नुसता नळ उघडून पाणी आत जाणार नाही.

म्हणून पंप लागतो. १९६१ मध्ये इटलीतल्या फाएमा कंपनीनं 'ई६१' हे मशीन आणलं. त्यात विजेचा पंप सुमारे ९ बार दाबानं कॉफीतून पाणी ढकलत असे. (नावातलं ६१ म्हणजे ते साल, आणि 'ई' त्या वर्षीच्या सूर्यग्रहणासाठीच्या इटालियन शब्दातला.) आजच्या अनेक मशीनमध्ये हाच पंप बॉयलरही भरतो. मध्ये एकाच दिशेनं उघडणारा वॉल्व्ह असतो, नाहीतर उकळतं पाणी उलटं पाइपात शिरेल.

पण कधी भरायचं आणि कधी थांबायचं, हे मशीनला कसं कळतं? बॉयलरच्या वरून आत एक स्टीलची सळई सोडलेली असते, तिला प्रोब म्हणतात. पाणी प्रोबला टेकलं की त्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह बॉयलरच्या धातूपर्यंत पोहोचतो. पातळी घटली की हे सर्किट तुटतं. कंट्रोल बोर्ड काही सेकंद थांबतो, कारण उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांनी पातळी सारखी हलत असते. मग विजेवर चालणारा सोलेनॉइड वॉल्व्ह उघडतो आणि पंप सुरू होतो. पाणी पुन्हा प्रोबला लागलं की दोन्ही बंद. वरचा भाग वाफेसाठी रिकामाच राहतो.

गंमत म्हणजे, प्रोबला पाणी 'दिसत' नाही. पाण्यातल्या क्षारांमुळे वाहणारी वीज तेवढी कळते. बोअरचं पाणी जड म्हणून कुणी मशीनला घरगुती आरओ जोडला आणि त्यातून जवळजवळ क्षारविरहित पाणी आलं, तर बॉयलर भरला तरी प्रोबला तो रिकामाच वाटू शकतो. पंप चालूच राहतो आणि वाफेच्या नळीतून गरम पाणी उडतं. दुसरीकडे, तेच बोअरचं पाणी थेट जोडलं, तर कॉइलवर आणि प्रोबवर क्षारांचा थर बसतो. झाकलेल्या प्रोबचा परिणामही तोच, बॉयलर गरजेपेक्षा जास्त भरतो. म्हणून मध्यम क्षारांचं पाणी वापरतात. कॉफीच्या चवीसाठी लिटरमागे साधारण १५० मिलिग्रॅम क्षार चांगले मानतात, आणि प्रोबलाही तेवढे पुरतात.

उलटी चूक जास्त महागात पडते. टाकी कोरडी असेल, तर पंप फिरतो पण पाणी येत नाही. कॉइल उघडी पडून जळू शकते. त्यामुळे बऱ्याच मशीनमध्ये ठरावीक वेळात पातळी गाठली नाही, तर भरणं थांबतं आणि दिवा लुकलुकतो. अशा वेळी मशीन बंद-चालू करत बसण्याऐवजी आधी गच्चीवर जाऊन टाकी बघावी.

बॉयलर गार होताना मात्र पाणी कमी नसतं, वाफ कमी होते. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते, म्हणून एक छोटा वॉल्व्ह उघडून हवा आत घेतो. सकाळी मशीन तापताना जी 'फुस्स' ऐकू येते, ती तीच हवा बाहेर पडतानाची.