गोगलगायीचा नकाशा आणि गिमवी गाव

१९५२ साली गाडगीळ व शाह या संशोधकांच्या एका शोधनिबंधाने भारतीय वैद्यकातील एक जुनी समजूत डळमळीत केली. मूत्रमार्गाचा बिल्हार्झिया हा आफ्रिका व पश्चिम आशियातील रोग आहे. भारतात तुरळक रुग्ण आढळले तरी तो येथे मूळ धरू शकत नाही, अशी ती समजूत होती. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या लहानशा गावाने तिला छेद दिला.

ही समजूत निराधार मात्र नव्हती. तिचा पाया एका गोगलगायीच्या अभावावर उभा होता.

थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याने १८५१ साली कैरो येथे या रोगाचा कृमी शोधला. हा कृमी मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहतो आणि रुग्णाच्या लघवीतून रक्त जाऊ लागते. लघवीवाटे बाहेर पडलेली अंडी पाण्यात उबतात; परंतु त्यांतून निघालेला डिंभ थेट माणसाला बाधत नाही. त्याला आधी विशिष्ट जातीच्या गोगलगायीच्या शरीरात शिरून तेथे आपली संख्या वाढवावी लागते. त्यानंतर बाहेर पडणारे शेपटीयुक्त डिंभ, म्हणजे सर्केरिया, पाण्यात उतरलेल्या माणसाची त्वचा भेदून आत शिरतात. रॉबर्ट लायपर यांनी १९१५ साली इजिप्तमध्ये हे चक्र उलगडले आणि बुलिनस ही गोगलगाय त्यातील मध्यस्थ पोशिंदा असल्याचे दाखवले.

बुलिनस भारतात नाही. तरीही पहिल्या महायुद्धानंतर येथील शास्त्रज्ञांना एक चिंता भेडसावत होती. इजिप्त व मेसोपोटेमियातून परतणाऱ्या सैनिकांबरोबर हा कृमी आला, तर त्याला येथे दुसरा पोशिंदा मिळेल काय? या प्रश्नाने भारतीय गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या अभ्यासाला नवी निकड आली. सेमूर सेवेल यांचा ‘सर्केरिए इंडिकी’ हा १९२२ सालचा ग्रंथ त्याच काळातील. त्याआधी १९१८ साली मुंबईत लिस्टन व सोपारकर यांनी गुरांना बाधणाऱ्या शिस्टोसोमा स्पिंडेल या कृमीचे जीवनचक्र मांडले होते. त्याचा पोशिंदा इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही चपट्या वेटोळ्याची गोगलगाय. भारतभरातील तळ्यांत आणि भातखाचरांत ती विपुल आढळते. तिच्यातून निघणारे डिंभ माणसाच्या त्वचेत मरून जातात. मात्र चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्यांच्या पायांना तीव्र खाज देऊन जातात.

म्हणजे गुरांचे कृमी भारतात होते, त्यांच्या गोगलगायीही होत्या. माणसाच्या कृमीला मात्र येथे गोगलगाय नाही, असे मानले गेले आणि तो प्रश्न जवळपास मिटला.

गिमवीतील शोधाने तो पुन्हा उघडला. पुढील संशोधनात तेथील पोशिंदा म्हणून नाव पुढे आले ते फेरिसिया टेनुइस या जातीचे. ही गोगलगाय अवघी काही मिलिमीटरची. तिच्या शंखाला वेटोळेही नाही. उपड्या वाटीसारखी ती पाण्यातील पानाला वा दगडाला चिकटून असते. नेहमीच्या गोगलगायी शोधणाऱ्याची नजर तिच्यावरून सहज घसरावी. पुढे हाफकिन संस्थेच्या संशोधकांनी या गावाचा पुन्हा अभ्यास करून आपले निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध केले. रोग त्या परिसराबाहेर पसरला नाही, ही समाधानाची बाब.

या इतिहासातून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा रोगाचा नकाशा हा मुळात त्याच्या गोगलगायीचा नकाशा असतो. ‘आमच्याकडे पोशिंदा नाही’ या विधानाचे बळ, आपण किती जाती प्रत्यक्ष तपासल्या यावर अवलंबून असते. धरणे व कालवे संथ, शेवाळलेले पाणी नव्या प्रदेशांत नेतात आणि त्याबरोबर गोगलगायींचे नकाशेही बदलतात. एन. व्ही. सुब्बाराव यांची भारतीय गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांवरील पुस्तिका १९८९ साली प्रसिद्ध झाली. जाती ओळखून त्यांची ठिकाणे नोंदवण्याचे असे काम अनेकांना रुक्ष वाटते. परंतु उद्या एखाद्या गावातील मुलांच्या लघवीत रक्त दिसू लागले, तर तेथील ओढ्यात काय शोधायचे, हे याच नोंदी सांगतील.