उन्माद, विषाद आणि निदान

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. जे वाचले त्यांच्या बाबतीत वैद्यकापुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला : शोक कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो?

बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकाराच्या निदानात हाच प्रश्न अधिक बिकट होतो. अति उत्साह आणि खोल विषाद ही दोन टोके एकाच माणसात पाहणारा ग्रीक वैद्य आरेटियस फार प्राचीन. आपल्याकडे चरकसंहितेने उन्मादाचे ५ प्रकार सांगितले. ४ शरीरदोषांतून होणारे, पाचवा 'आगंतु'. नांदेड-लातूरच्या खेड्यांत 'बाहेरची बाधा' हे शब्द आजही कानी येतात, तेव्हा आम्हांला या पाचव्या प्रकाराची आठवण होते. पहिल्या चारांचा मात्र विसर पडलेला दिसतो.

१८५४ साली पॅरिसमध्ये फाल्रे आणि बायारझे या दोन डॉक्टरांनी या आलटून-पालटून येणाऱ्या अवस्था हा एकच रोग असल्याचे स्वतंत्रपणे मांडले. १८९९ मध्ये जर्मनीच्या क्रेपेलिन यांनी त्याला उन्माद-विषादाचा विकार म्हणून ग्रंथात स्थान दिले. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्यावर लिथियमचा गुण दाखविला आणि १९५७ मध्ये लिओनहार्ड यांनी केवळ विषादाच्या आजारापासून तो वेगळा काढला.

एवढे होऊनही या आजाराची रक्तचाचणी नाही. थायरॉइड तपासतात, दारू व औषधांची चौकशी करतात, ती अन्य कारणे वगळण्यासाठी. खरे निदान होते ते इतिहास ऐकून. आठवडाभर किंवा अधिक काळ अनावर उत्साह वा चिडचिड, झोपेवाचून न थकणे, अखंड बोलणे, उधळपट्टी, स्वतःविषयी अवास्तव कल्पना : हा उन्माद. सौम्य रूपात तो ४ दिवसांचाही असतो. किमान २ आठवडे मन खचणे, कशातच गोडी न वाटणे : हा विषाद. रोगी बहुधा विषादात असताना डॉक्टरांकडे जातो आणि उत्साहाचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत. घरच्यांनी ते दडविले, तर नुसत्या विषादाचे औषध दिले जाते आणि त्याने कधीकधी उन्माद उसळतो. म्हणून आई, पत्नी वा भाऊ यांची खरी साक्ष हेच निदानाचे मोठे साधन होय.

ही साक्ष देण्यास आपण का कचरतो? मुलीचे लग्न, धर्मग्रामातील चार लोकांचे बोलणे. वस्तुतः पोप जॉन पॉल दुसरे यांनी नोव्हेंबर १९९६ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेत स्पष्ट केले की, मनोरुग्णही सदैव परमेश्वराचीच प्रतिमा धारण करतो. ग्रानादाच्या रुग्णालयात वेडा म्हणून कोंडले गेलेले संत जॉन ऑफ गॉड पुढे रुग्णांचेच आश्रयदाते झाले.

नांदेडला १९८८ पासून आणि लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दार दूर राहिलेले नाही. प्रार्थना जरूर करावी, धर्मगुरूंचा आशीर्वादही घ्यावा. परंतु डॉक्टरांसमोर बसल्यावर काहीही न लपविता सांगावे. दुखणाऱ्या माणसासाठी सत्य बोलणे हीसुद्धा दया आहे, असे आम्ही मानतो.