नाताळचं जेवण तिघा-चौघांचं असेल तर? टर्कीपासून वडे-सागुतीपर्यंतचे पर्याय

रत्नागिरीतल्या एखाद्या ख्रिस्ती घरात २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आज किती माणसं असतात? बऱ्याच ठिकाणी तीन नाहीतर चार. मुलगा मुंबईत, मुलगी आखातात किंवा परदेशात, घरी दोघं म्हातारी आणि सुट्टी मिळालीच तर आलेला एखादा नातू. जेवणाची यादी मात्र अजून वीस माणसांच्या घराचीच असते. सोरपोतेल हवं, पुलाव हवा, रोस्ट हवं, नेवऱ्या, दोदोल, केक सगळंच हवं. मग घरातली एक बाई तीन दिवस चुलीपुढे उभी राहते आणि २७ तारखेला फ्रिजमध्ये अर्धं जेवण तसंच पडलेलं असतं. एखाद्या वर्षी तिला ते झेपत नाही. मग सगळंच रद्द होतं आणि बाहेरून बिर्याणी येते.

बिर्याणी मागवण्यात वाईट काहीच नाही. पण वीस माणसांचा बेत आणि बाहेरची बिर्याणी यांच्या मधेही बरंच काही आहे. त्याबद्दलच हे.

आधी ‘पारंपरिक’ म्हणजे नक्की कुणाचं?

इंटरनेटवर नाताळचं जेवण शोधलं की टर्की दिसते. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्लंडमध्येही बराच काळ नाताळला हंस किंवा बीफ जास्त चालायचं. टर्की मानाची ठरली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ मध्ये कंजूष स्क्रूजचं मन बदलतं तेव्हा तो गरीब कारकुनाच्या घरी भलीमोठी टर्की पाठवतो. टर्कीची कीर्ती पसरवण्यात या गोष्टीचा हात मोठा मानला जातो.

अख्खी टर्की सहज चार-पाच किलोची भरते आणि तिला मोठा ओव्हन लागतो. आपल्याकडच्या चौघांच्या स्वयंपाकघरात तिचं काही काम नाही. जपानमध्ये तर १९७४ च्या एका जाहिरात मोहिमेनंतर नाताळला केएफसीचं तळलेलं चिकन खायची पद्धत पडली आणि ती आजही चालू आहे. म्हणजे परंपरा बदलते, कधीकधी एका जाहिरातीनेसुद्धा.

आपल्या भागाची परंपरा वेगळी आहे. दक्षिण कोकणातल्या अनेक कॅथलिक घरांची नाळ गोव्याशी जोडलेली आहे. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, त्याचं कॅथेड्रल सावंतवाडीला आहे. त्यामुळे इथल्या ताटात गोव्याचं व्हिनेगर आणि मालवणी वाटप दोन्ही येतात. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत बॉटल मसाला, फुगिया आणि बदकाचं मोयल. अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरकडच्या) मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, लाडू, चकल्या असा थेट दिवाळीसारखा फराळ. यातलं कुठलंही एक ताट ‘खरं’ आणि बाकीची नक्कल, असं नाही.

मोठ्या घरांचे पदार्थ आकाराने मोठे का?

दोदोल घ्या. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ कढईत तासन् तास ढवळायचा. हात आलटून पालटून चार माणसं असली तरच तो होतो. बिबिंकाचा प्रत्येक थर वेगळा भाजायचा. सोरपोतेलमध्ये मांसाबरोबर काळीज वगैरे घालतात, कारण मूळ हिशेब अख्ख्या डुकराचा होता. हे पदार्थ वाडीसाठी, वाटण्यासाठी जन्मले. ते दोघांसाठी करायला घेतले की पदार्थ तोच राहतो, कष्ट मात्र तेवढेच पडतात आणि वाटून घ्यायला कुणी नसतं.

म्हणून पर्याय निवडताना एकच प्रश्न विचारा: हा पदार्थ चौघांपुरता केला तर कष्टही चौघांपुरतेच होतात का?

वडे-सागुती: आमचं पहिलं मत हिलाच

सव्वा किलोच्या एका कोंबडीत चौघांचं एक जेवण होऊन दुसऱ्या दिवसापुरता रस्सा उरतो. वाटप, म्हणजे भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि गरम मसाला, दोन दिवस आधी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. वड्यांचं पीठ कोकणात तयार मिळतं. दोन वाट्या पीठ गरम पाण्यात मऊ मळून चार-पाच तास ठेवायचं, त्यात साधारण डझनभर वडे होतात. आयत्या वेळी फक्त तळायचं.

‘पण हे तर आपण एरवीही खातो,’ ही तक्रार येणारच. खरं आहे. पण सणाचं जेवण अनोळखी असायला हवं असा नियम कुठे आहे? ताटात एक पदार्थ फक्त नाताळचा ठेवा, मग सण वेगळा वाटतो.

रोस्ट हवंच असेल तर: पातेल्यातली कोंबडी

ओव्हन नसला तरी रोस्ट होतं. किलो-सव्वा किलोची अख्खी कोंबडी घ्या. तिला आतून-बाहेरून लसूण, मिरी, मीठ आणि थोडं व्हिनेगर चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात तेला-तुपावर सगळीकडून लाल करून घ्या. अर्धी वाटी पाणी घाला, झाकण ठेवा आणि झाकणावरही पाणी ठेवा. मंद आचेवर पाऊण ते एक तास लागतो, मधे दोनदा उलटायची. शेवटच्या अर्ध्या तासात बटाटे आणि छोटे कांदे त्याच रसात सोडा. मांडीच्या सांध्यापाशी सुरी खुपसली की निघणारं पाणी गुलाबी नको. ते स्वच्छ आलं म्हणजे शिजली.

सोरपोतेलशिवाय ज्यांचा नाताळ होत नाही त्यांनी अर्धा किलो पोर्क आणि दीडशे ग्रॅम काळीज एवढंच घ्यावं आणि २२ तारखेलाच करून ठेवावं. दोन-तीन दिवस मुरल्यावरच ते चवीला लागतं. लहान कुटुंबाला ही एक सोयच आहे, कारण २५ तारखेला फक्त गरम करायचं असतं.

मासे: याला तर जुना आधार आहे

‘नाताळला मासे?’ असं कुणी विचारलं तर सांगायला उत्तर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिकांमध्ये नाताळची पूर्वसंध्या हा उपवासाचा आणि मांस न खाण्याचा दिवस होता. म्हणूनच पोलंडमध्ये २४ तारखेच्या रात्री कार्प मासा असतो आणि दक्षिण इटलीतून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांमध्ये त्या रात्री सात प्रकारच्या माशांचं जेवण असतं. मिरकरवाडा बंदर हाकेच्या अंतरावर असलेल्या गावाला याहून सोपं काय?

तिघांसाठी मध्यम आकाराची दोन-तीन पापलेटं पुरतात. पोटात रेशाद मसाला भरा: बेडगी मिरची, लसूण, जिरं, मिरी, चिमूटभर साखर, सगळं व्हिनेगरमध्ये वाटलेलं. वरून रवा लावून तव्यावर भाजा. सोबत कोळंबीचा पुलाव आणि सोलकढी. स्वयंपाकाला दीड तास पुरे.

एक इशारा: नाताळच्या सुट्टीत गणपतीपुळे-रत्नागिरीकडे पर्यटकांची रीघ लागते आणि चांगल्या मासळीचा भाव चढतो. ओळखीच्या मासेवालीला आधीच सांगून ठेवा. नाहीतर बांगड्यावर खूश राहा, रेशाद बांगडा काही कमी नाही.

आणखी एक शंका दर काही वर्षांनी येते. २०२६ मध्ये २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिकांनी काय करायचं? चर्चच्या कायद्यानुसार मोठा सण शुक्रवारी आला की ते बंधन त्या दिवशी लागू होत नाही. नाताळ असाच सण आहे, तेव्हा खुशाल खा.

शाकाहारी नाताळ?

होतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. मांस खाल्लं नाही म्हणून सण अपुरा राहत नाही, हे त्यांच्याकडे पाहून म्हणता येतं. डिसेंबर तर कोकणात कंदांचा महिना: कोनफळ, करांदे, सुरण. कोनफळाचे तुपावर खरपूस भाजलेले काप, वालाचं बिरडं, काजू घातलेला नारळाच्या दुधातला पुलाव. हे ताट रंगातही सणाचं दिसतं, कोनफळाचा जांभळा रंगच तसा.

गोड एकच करा

इथे हात आखडता घ्या. कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, सगळा घरी करायचा हट्ट लहान घराला परवडत नाही. बाथ हा रवा-खोबऱ्याचा केक सगळ्यात सुटसुटीत. एक वाटी रवा, एक वाटी ओलं खोबरं, पाऊण वाटी साखर, दोन अंडी, शंभर ग्रॅम लोणी आणि चमचाभर बेकिंग पावडर. मिश्रण पाच-सहा तास ठेवायचं आणि शिट्टी व रिंग काढलेल्या कुकरमध्ये पाऊण तास भाजायचं. किंवा आमरसाचा डबा फोडून सांदणं करा. डिसेंबरात हापूस खायचा रत्नागिरीकरांचा हक्कच आहे. दोदोल आणि नेवऱ्या थोड्या विकत आणा, त्यात कमीपणा नाही.

शेजाऱ्यांकडे ताट पाठवायची पद्धत मात्र मोडू नका. तीन वाट्यांचं छोटं ताट चालतं. नाताळ मार्गशीर्षात येत असेल आणि शेजारी गुरुवार पाळत असतील, तर त्यांच्या ताटात बाथऐवजी बिनअंड्याची सांदणं आणि नेवऱ्या घाला. एकट्या राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला मात्र ताट पाठवू नका, जेवायलाच बोलवा. चौघांच्या कोंबडीत पाचवा सहज जेवतो.

मध्यरात्रीची मिसा आटोपून आल्यावर काय खायचं, हा प्रश्न वेगळाच. तेव्हा जड काही नको. गोव्याच्या कॅथलिक घरांत कोंबडीच्या सूपात थोडा तांदूळ शिजवून पातळ पेज करतात, ती अशा वेळी पोटाला बरी. मिसेला जाण्याआधी करून ठेवायची, आल्यावर गरम करायची, वर मिरपूड. मग बाथचा एकेक तुकडा घेऊन झोपायचं आणि २५ ला दुपारी निवांत जेवायचं.

२६ ला उरलेली सागुती घावनांबरोबर खा. आदल्या दिवसापेक्षा ती चांगलीच लागते.