घरगुती लघुवराह पालन
‘कपाएवढे’ म्हणून विकले जाणारे डुकराचे पिल्लू कायम तेवढेच राहत नाही. जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने १९६० च्या दशकात संशोधनासाठी विकसित केलेली लघुजातही पूर्ण वाढीनंतर सुमारे ३५ ते ४५ किलो भरते. वाढ तीन-चार वर्षे चालते. प्रजननक्षमता मात्र काही महिन्यांतच येते. त्यामुळे विक्रेत्याने दाखविलेले ‘बुटके’ आईबाप स्वतःच अल्पवयीन असू शकतात. गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधील सदनिकांत खरी अडचण उन्हाळ्याची. डुकरांना घाम जवळजवळ येत नाही. मे-जूनमध्ये सावली आणि लोळण्यापुरते पाणी अनिवार्य ठरते. मांसाचे खरकटे कटाक्षाने टाळावे. भारतात २०२० मध्ये प्रथम आढळलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर त्यातून पसरू शकतो. माणसाला तो होत नाही, डुकरांना मात्र बहुधा प्राणघातक ठरतो.