पेठ वसली, पाणी आलं. आपण कुठं वसलो?

१९०१ सालच्या शिरगणतीत नशिराबादची वस्ती १२,१७६ आणि जळगावची १६,२५९. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी ही दोन गावं जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभी होती. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४,६०,२२८ वर गेलं. नशिराबाद जळगाव-भुसावळ रस्त्यावरचं मधलं गाव होऊन राहिलं. शाळेत आपल्याला सांगतात की शहरं वाढतात, खेडी मागं पडतात, हा काळाचा महिमा. मित्रांनो, काळ काही करत नाही. माणसं करतात. कुणी आगगाडीचा रूळ कुठून न्यायचा ते ठरवतो, कुणी पेठेचे प्लॉट पाडतो, कुणी नळ कुठवर न्यायचा ते ठरवतो. आणि कुणी फक्त दगड वाहतो. इतिहास वाचायचा तो हे चौघं वेगळे काढून वाचायचा.

१८८० सालचं खानदेशचं गॅझेटियर उघडा. त्यात जळगाव नावाचा तालुकाच नाही. तालुका आहे तो नशिराबादचा. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे गॅझेटियर छापलं, त्यात तालुका जळगाव आणि नशिराबाद त्यातलं एक गाव. पाव शतकात पाटी उलटली. नशिराबाद हे काही भुक्कड गाव नव्हतं. रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या इथं घडायच्या. सातमाळ्याच्या डोंगरातल्या भिल्लांनी ते अनेकदा लुटलं. १८०१ साली जुबा नावाच्या पेंढाऱ्यानं लुटलं. १८०३ च्या मोठ्या दुष्काळाच्या आधी पेशव्याच्या एका अंमलदारानं रयतेला पिळून काढलं. पेंढारी काय आणि पेशव्याचा अंमलदार काय, जिथं काही हाताला लागतं तिथंच जातात. तेव्हा नशिराबादेत हाताला लागण्यासारखं होतं, एवढं नक्की.

मग जळगाव वर कसं आलं? दोन गोष्टींनी: आगगाडी आणि कापूस. १८६० नंतर जी. आय. पी. रेल्वेचा रूळ खानदेशात आला. जळगावला स्टेशन गावाशीच. नशिराबादचं स्टेशन भादली, गावापासून दोन मैल लांब. दोन मैल म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण कापसाचा गठ्ठा बैलगाडीत घालून न्यायचा तर व्यापारी रुळाशेजारीच वखार बांधतो. बाजार वखारीमागं जातो आणि कचेरी बाजारामागं जाते.

दुसरी गोष्ट कापूस. इथं जरा लांबचं बोलावं लागेल. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेतले मळेवाले काळ्या माणसांना गुलाम करून कापूस पिकवत होते, आणि गुलामगिरी टिकावी म्हणून ते देशातून फुटून निघाले. युद्धात त्यांची बंदरं बंद झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तो कापूस मिळेना. मँचेस्टरवाल्यांनी हिंदुस्थानकडं तोंड वळवलं. मुंबईत कापसाचे भाव कैक पटींनी चढले आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. तिकडं काळ्या माणसांच्या मुक्तीची लढाई चालली होती आणि इकडं त्या लढाईवर सावकार-दलाल गबर होत होते. जोतीराव फुल्यांनी याच घटनेकडं दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. एकच युद्ध, पण कापसाच्या दलालानं त्यात भाव पाहिला आणि फुल्यांनी माणूस पाहिला. १९७२ साली दलित पँथरनं नाव घेताना अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडं पाहिलं, त्या नात्याचं मूळ इतकं जुनं आहे.

१८६५ साली युद्ध संपलं आणि कापूस कोसळला. मुंबईत बँका बुडाल्या, मोठमोठे शेठ रस्त्यावर आले. जळगावचा व्यापारही बसला. पण शहर पुन्हा उठलं. १८६४ साली नगरपालिका झालेलीच होती. १८७० नंतरच्या दशकात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. सरकी काढायचे, गठ्ठे दाबायचे वाफेचे कारखाने आले. जुन्या गावाला लागून नवी पेठ वसवली, तिला पोलन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव दिलं: पोलन पेठ. तिथं बाजार बांधला, लोकांना फिरायला बाग केली. मेहरूणच्या तळ्याचं पाणी गावात आणलं. आजच्या भाषेत सांगायचं तर मंदीतून सावरणाऱ्या शहरानं नवं मार्केट आणि नवी कॉलनी काढली. १९०६ साली खानदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा पूर्व खानदेशचं ठाणं जळगावलाच आलं. पोलन साहेब गेला, इंग्रज गेला. पोलन पेठ आजही आहे.

आता आपला प्रश्न. पेठेला साहेबाचं नाव राहिलं, मग पाया खणणाऱ्याचं कुठं गेलं? गॅझेटियरात आपली माणसं सापडतात, नाही असं नाही. पण ती जाती-जमातींच्या प्रकरणात सापडतात. तिथं ती कशी राहतात, काय खातात, काय नेसतात हे साहेबानं लिहिलंय. शहरांच्या प्रकरणात बाजार, बाग, कारखाने, शाळा. जणू शहर एकीकडं आणि आपण दुसरीकडं. शहर हे बांधणाऱ्याचं नसून प्लॉट घेणाऱ्याचं असतं, हा हिशेब तेव्हापासून चालू आहे.

प्लॉट कोण घेणार? ज्याच्या गाठीला पैसा तो. महाराच्या गाठीला काय होतं? वतन. म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा तुकडा, दारोदारचा बलुत्याचा घास, आणि त्या बदल्यात चोवीस तास राबणूक. वेशीवर पहारा द्या, सरकारी टपाल पोचवा, साहेबाच्या घोड्यापुढं धावा, मेलेलं ढोर ओढा. दोर असा की गाव सोडलं तर तुकडा जातो आणि नाही सोडलं तर जन्म जातो. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं, ते हा दोर तोडायला. वतनात माणूस सरकारचा आणि गावाचा फुकटचा गडी होतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

काही जण म्हणतात, गावात जात आहे, पण बाजारात पैसा चालतो, पैशाला जात नसते. त्यांनी चाळीसगाव आठवावं. १९२९ साल. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर आपली माणसं जमली होती. महारवाडा तिथून दोनेक मैल. टांगे उभे, भाडं द्यायला पैसे तयार. पण एकही टांगेवाला महाराला बसवून हाकायला राजी नाही. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर घोडं उधळलं, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, पाय मोडला. बॅरिस्टर झालेला माणूस, सरकारी समितीचा सभासद, खिशात भाडं, स्टेशन नवं, टांगा भाड्याचा. आणि तरीही! आगगाडीनं जळगाव-चाळीसगावची पेठ बदलली, टांगेवाल्याच्या डोक्यातली वेस तशीच राहिली. बाजार आपोआप जात मोडत नाही, उलट जातच बाजारात दुकान थाटते.

मग शहरानं आपल्याला काहीच दिलं नाही का? तसं म्हणणं खोटं ठरेल. भुसावळच्या रेल्वेनं, मिलच्या भोंग्यानं आपल्या कितीतरी माणसांना रोख पगार दाखवला. महिन्याला हातात पैसा आला की पाटलाच्या दारात भाकरी मागायला जावं लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिथंही भिंती होत्याच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दरवाजे अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे आणि स्पृश्याला आपली थुंकी चालत नव्हती. ज्या खात्यात पगार जास्त, त्याच खात्यात विटाळ. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठं कामगार पुढाऱ्यांना तो ऐकू आला.

आणि पाणी? मेहरूणचं पाणी नगरपालिकेच्या पैशानं आलं. पण सार्वजनिक पैशानं बांधलेलं पाणवठं, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुलं असावं असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास व्हायला ४ ऑगस्ट १९२३ उजाडावा लागला. तो मांडला सीताराम केशव बोल्यांनी, आणि तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जावं लागलं. शहराचा नळ आणि आपला घसा यांच्यामध्ये पाईपलाईन नव्हती, चळवळ होती. जिथं जागा सार्वजनिक आहे असं कायद्यानं म्हटलं आणि आपण जाऊन हक्क बजावला, तिथं आपल्याला काही मिळालं. जिथं सगळं प्लॉट, बोली आणि लिलावावर सोडलं, तिथं आपण वेशीबाहेरच राहिलो. दीडशे वर्षांच्या इतिहासाचा मला दिसणारा अर्थ एवढाच आहे.

हे जुनं झालं म्हणून सोडता येत नाही. खानदेश मिल बंद पडली. भोंगा वाजायचा त्या स्टेशनजवळच्या जागेवर खान्देश सेंट्रल नावाचं मॉल-मार्केट आलं. नगरपालिकेनं शहरभर व्यापारी संकुलं बांधली, त्यातल्या एकाला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. नाव फुल्यांचं, पण गाळा कुणाचा, हे प्रत्येकानं एकदा मजले चढून पाटी वाचून पाहावं. झोपडपट्टीतल्या माणसांसाठीही योजना झाली. १९९० नंतरच्या दशकात जळगाव नगरपालिकेनं ११ हजारांवर घरकुलं बांधायचं काढलं. कर्ज काढलं, ठेकेदार नेमला, पैसा उचलला गेला, आणि बहुतेक घरं उभीच राहिली नाहीत. २००६ साली गुन्हा दाखल झाला. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यात माजी मंत्रीही होते. त्यावर वरच्या कोर्टात अपिलं झाली. कोर्टाचं कोर्ट पाहील. पण दुकानांचे गाळे उभे राहिले आणि गरिबांची घरं कागदावर राहिली, हे पाहायला कोर्टाची गरज नाही.

आता पाळी नशिराबादची. राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला, सिमेंटचा कारखाना केव्हाच आला, गावाची नगरपरिषद झाली. जळगाव पूर्वेकडं पसरतंय, भुसावळ पश्चिमेकडं. मधल्या काळ्या कापसाच्या जमिनीत एन. ए. प्लॉटचे दगड रोवले जाताहेत. ज्या गावाला आगगाडीनं बाजूला टाकलं, त्याला रस्ता पुन्हा वर आणू पाहतोय. चांगलं आहे. गाव उठावं, दुकानं यावीत, पोरांना काम मिळावं. पण पुन्हा पोलन पेठ होणार असेल तर आपण पुन्हा दगडच वाहायचे का?

म्हणून कामाचं सांगतो. कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून ती जमीन वतनदाराला परत मिळायची, पण नव्या शर्तीनं. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. अशी जमीन सात-बाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ म्हणून लागते. ही अट आपल्या आज्यांना कुणी समजावून सांगितली? मुलीच्या लग्नाला, आजारपणाला दोन-चारशे रुपये घेऊन कोऱ्या कागदावर अंगठे उठले, आणि पन्नास वर्षांनी त्याच तुकड्यावर ले-आऊट पडलं. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ मुंढव्याच्या महार वतनाच्या ४० एकरांचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा पेपरवाल्यांना वतन हा शब्द नव्यानं कळला. मुंढव्याची जमीन शेकडो कोटींची म्हणून गाजली. आपल्या गावाकडचे तुकडे एकेका एकराचे, म्हणून गाजत नाहीत.

तेव्हा जयंतीची वर्गणी गोळा करायला फिरतो तसं एकदा वहीपेन घेऊन वस्तीत फिरा. म्हाताऱ्यांना विचारा, हाडकी-हाडोळा कुठं होता, त्याची बांधबंदिस्ती कुठवर होती. तलाठ्याकडून गाव नमुना १-क ची नक्कल मागा, वर्ग २ च्या जमिनी त्यात लिहिलेल्या असतात. जुने फेरफार काढा. जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली आणि मध्ये कलेक्टरची परवानगी आहे की नाही, ते पाहा. वस्ती ज्या जागेवर आहे तिची मिळकत पत्रिका घराघरात आहे का, ते पाहा. नगरपरिषदेचा विकास आराखडा होईल तेव्हा हरकतींची मुदत असते, ती पेपरात कोपऱ्यात छापतात. ती चुकवू नका. नवा नळ, नवा रस्ता, नवं मार्केट यांची रेघ आपल्या वस्तीच्या अलीकडं थांबते की पलीकडं जाते, ते नकाशावर बोट ठेवून विचारा.

साहेबानं पेठेचा इतिहास लिहिला तेव्हा आपल्या हातात लेखणी नव्हती. आता आहे. नशिराबादची नवी पेठ वसेल तेव्हा तिच्या नकाशात आपली वस्ती नावानिशी असली पाहिजे. नसेल तर विचारायला आपणच जायचं आहे, आणि पेठ बांधून झाल्यावर नव्हे, आखणी चालू असतानाच.

जय भीम.